जुनी गाडी आणि मोठे एंजिन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची लेखी प्रत)



या व्यासपीठावरून आजवर आपण संतवाङ्मयावर ऐकले, नाट्यसंगीतावर ऐकले, शिवकालावर ऐकले. अशा ठिकाणी वंगणाने ओशट झालेल्या हातांच्या माणसाने उभे राहून मोटारीच्या एंजिनावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मीही चिटणिसांना तसे म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर जे केले त्यावरच बोला. ज्ञानेश्वरीवर बोलणारे आम्हांला पुष्कळ मिळतात.” त्यांच्या या म्हणण्यात माझा गौरव किती आणि ज्ञानेश्वरीवर माझा अधिकार नसल्याची जाणीव किती, हे मी विचारले नाही.

मंडळाची स्थापना झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७४ साली, मी सातारा जिल्ह्यातून हुगळीच्या काठी नोकरीसाठी आलो. पदविका खिशात होती, पण यंत्राचे पहिले शिक्षण मला घरच्या दमणीने दिले होते. शेजारच्या एका हौशी शेतकऱ्याने एकदा शर्यतीची खिलार जोडी विकत घेतली आणि ती आपल्या जुन्या दमणीला जुंपली. बैल देखणे होते, बळकट होते, वाऱ्यासारखे पळणारे होते. यात्रेच्या दिवशी ती जोडी सुटली आणि ओढ्याच्या उतारावर दमणीचा आख मोडला. गावाने बैलांना दोष दिला. माझे वडील तेवढे म्हणाले, “बैल बघून घेतले, आख कुणी बघितला?” आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे या एका वाक्यात आहे. पुढचा तासभर मी त्याचा विस्तार करणार आहे, एवढेच.

विषय असा आहे. एखादी जुनी खेळगाडी असते. दोन माणसे बसतील एवढी जागा, ठेंगणा बांधा, हलके अंग, वळणावर चपळ. इंग्रजीत तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. तिचे रूप मनात भरते, पण काळ पुढे गेल्यावर तिचे एंजिन अपुरे वाटू लागते. मग मालकाच्या मनात येते, हिच्यात मोठे एंजिन बसवले तर? बॉनेट उघडून तो वारंवार आत पाहतो, फूटपट्टीने मापे घेतो आणि एखाद्या रविवारी निश्चय करतो. जगभर असे हजारोंनी केले आहे. काहींच्या हातून उत्तम गाड्या घडल्या, काहींच्या हातून चांगल्या गाड्यांचे मातेरे झाले. दोहोंत फरक कशाने पडला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या घरापासून सुरुवात करू. आपल्यापैकी बहुतेकांचा बंगालमधला पहिला मोटारप्रवास अ‍ॅम्बॅसडरमधून झाला असेल. हावडा स्थानकाबाहेरची पिवळी टॅक्सी आठवा. ही गाडी मूळची इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती येथून जवळच उत्तरपाड्याला तयार होऊ लागली आणि २०१४ साली तेथील उत्पादन थांबले. तिच्या पोटात दीर्घकाळ जे १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन होते, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. आता गंमत पाहा. १९५५ साली इंग्लंडात ‘एम. जी. ए.’ नावाची अत्यंत डौलदार खेळगाडी निघाली, तिचे एंजिनही याच मालिकेतले आणि याच १,४८९ घन सेंटिमीटरचे होते! दोन कार्बुरेटर आणि थोडी वेगळी घडण, एवढ्यावर एक बहीण शर्यतीच्या मैदानावर गेली. दुसरी आपल्या नशिबी आली आणि लग्नाचे वऱ्हाड, हार्मोनियमची पेटी आणि गणपतीची मूर्ती वाहत राहिली. तेव्हा खेळगाडीचा विषय परका आहे, असे कोणी समजू नये.

या एम. जी. ए. नंतर १९६२ साली ‘एम. जी. बी.’ आली. त्याच मालिकेतले एंजिन वाढवून १,७९८ घन सेंटिमीटर केले होते आणि ते सुमारे ९५ अश्वशक्ती देई. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावात ती तयार होत असे. १९८० साली तो कारखाना बंद होईपर्यंत या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. या एकाच गाडीत मोठे एंजिन बसविण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक फसला, एक साधला. शिकवणुकीच्या दृष्टीने याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पहिला प्रयत्न १९६७ सालचा. गाडीचे नाव ‘एम. जी. सी.’. चार सिलिंडरांचे एंजिन काढून तिच्यात सहा सिलिंडरांचे, २,९१२ घन सेंटिमीटरचे एंजिन बसवले. शक्ती १४५ अश्वशक्ती झाली. कागदावर सारे छान होते. पण हे एंजिन बिडाचे, लांबलचक आणि जुन्या एंजिनापेक्षा सुमारे २०९ पौंडांनी जड होते. २०९ पौंड म्हणजे जवळजवळ ९५ किलो. कोल्हापूरच्या तालमीतला एखादा पैलवान कायमचा बॉनेटवर बसवून गाडी चालवावी, तसा हा प्रकार झाला. ते मावेना म्हणून बॉनेटला फुगवटा काढावा लागला आणि पुढच्या चाकांच्या स्प्रिंगांची मूळ रचना बदलून पिळाच्या दांड्यांची नवी रचना करावी लागली. सरळ रस्त्यावर गाडी वेगाने धावे, लांब पल्ल्याला सुखाची होती. परंतु वळणावर मूळ गाडीचा जो चपळपणा, तो हरवला. सुकाणू फिरवले तरी नाक सरळच जाऊ पाही. तज्ज्ञांनी टीका केली, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि जेमतेम ९,००० गाड्या निघून १९६९ साली ती बंद पडली. शक्ती वाढली होती, पण ज्या गुणासाठी लोक ही गाडी घेत तो गुणच त्या शक्तीच्या वजनाखाली दबला.

दुसरा प्रयत्न समजण्यासाठी थोडे अमेरिकेत जावे लागेल. तेथे जनरल मोटर्स या कंपनीने १९६१ सालच्या आपल्या ब्यूइक आणि इतर काही लहान गाड्यांसाठी साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे एक एंजिन काढले होते. चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडणी. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याचा ठोकळा बिडाचा नसून अ‍ॅल्युमिनियमचा होता, म्हणून ते आकाराच्या मानाने फार हलके होते. पण ही ओतकामे महाग पडत आणि बिडाची पातळ ओतकामे करण्याची नवी रीत स्वस्त पडू लागली होती. १९६३ नंतर अमेरिकेने हे एंजिन टाकून दिले. इंग्लंडातील रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट यांच्या ते अमेरिकेत दृष्टीस पडले आणि १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क मिळवले. १९६७ पासून ते रोव्हरच्या मोटारींत बसू लागले आणि पुढे तीसहून अधिक वर्षे इंग्लंडात बनत राहिले. एका घरी अडगळीत पडलेली वस्तू दुसऱ्या घरी संसार उभा करते, त्यातलाच हा प्रकार.

हे एंजिन एम. जी. बी. मध्ये बसवण्याचे काम प्रथम कारखान्याने केले नाही. केन कॉस्टेलो नावाच्या एका शर्यतपटूने १९७० च्या सुमारास ते स्वतःच्या कर्मशाळेत केले. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे एंजिन, जुन्याच्या जवळजवळ दुप्पट आकाराचे. आणि तरीही त्याचे वजन जुन्या बिडाच्या चार सिलिंडरी एंजिनाहून अधिक नव्हते! एम. जी. सी. ची व्यथा येथे मुळातच नाहीशी झाली. नाकावर पैलवान बसला नाही, म्हणून गाडीचा तोल बिघडला नाही. कॉस्टेलो यांच्या गाड्यांची कीर्ती झाली. मग मूळ कंपनीने त्यांची गाडी मागवून पाहिली आणि अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी स्वतःची गाडी सिद्ध केली. ऑगस्ट १९७३ मध्ये ‘एम. जी. बी. जी. टी. व्ही. ८’ या नावाने ती बाजारात आली. १३७ अश्वशक्ती, ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वेग.

आता माझ्या तरुण मित्रांनी नीट ऐकावे, कारण खरी गोष्ट एंजिनाची नसून त्याच्या भोवतालची आहे. अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी काय काय बदलले? रेडिएटर पुढे सरकवला आणि त्याला विजेवर चालणारे दोन पंखे दिले. दोन कार्बुरेटर एंजिनाच्या मागच्या बाजूला अशा युक्तीने बसवले की, बॉनेटला फुगवटा काढावा लागू नये. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या अधिक जाड केल्या. गिअरबॉक्समधील दातांची प्रमाणे बदलली. मागच्या आसाचे प्रमाण ३.९ होते ते सुमारे ३.०७ वर आणले. याचा अर्थ असा : पूर्वी चाकाचा एक फेरा होण्यासाठी मधला दांडा जवळजवळ चार वेळा फिरे, आता तीनच वेळा फिरावा लागे. मोठे एंजिन सावकाश फिरतानाच भरपूर ओढ देते. त्याला लहान एंजिनासारखे धापा टाकीत पळवण्याचे कारण नाही. बलदंड माणसाला लहान मुलाच्या पावलांनी चालायला लावले, तर त्याचेही हाल आणि बघणाऱ्याचेही.

ही गाडी उत्तम निघाली, पण तिचे दैव खडतर. बाजारात येऊन दोन महिने झाले नाहीत तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाचे संकट आले आणि मोठ्या एंजिनाच्या गाडीकडे लोक भीतीने पाहू लागले. १९७६ पर्यंत अवघ्या २,५९१ गाड्या निघाल्या. तथापि तिचा वंश बुडाला नाही. हौशी माणसे घरोघरी हेच एंजिन जुन्या एम. जी. बी. मध्ये बसवत राहिली. मूळ कारखाना बंद पडून बारा वर्षे उलटल्यावर, १९९३ साली, त्याच जुन्या सांगाड्यावर आणि याच एंजिनाच्या वाढवलेल्या ३.९ लिटरच्या आवृत्तीवर कंपनीने ‘आर. व्ही. ८’ ही गाडी काढली आणि दोन हजारांच्या आसपास विकली. त्यांतील बहुसंख्य जपानने नेल्या.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. सनबीम अल्पाइन ही अशीच एक गोंडस इंग्रजी गाडी. १९६४ साली तिच्यात फोर्डचे ४.२ लिटरचे आठ सिलिंडरी एंजिन बसवून ‘टायगर’ काढली. जागा इतकी अपुरी की, रंग देऊन तयार झालेल्या पडद्यावर घणाचे घाव घालून एंजिनापुरती जागा करावी लागे आणि एक स्पार्क प्लग बदलायचा तर गाडीच्या आतून, पडद्याला ठेवलेल्या भोकातून हात घालावा लागे. गाडी वेगवान झाली, पण मिस्त्रीचे शिव्याशापही धनी झाली. दुसरे उदाहरण कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूचे. इंग्लंडातील एसी कंपनीच्या ‘एस’ या हलक्या गाडीला मिळणारे दोन लिटरचे ब्रिस्टल एंजिन बंद झाले, तेव्हा त्यांनी १९६२ साली तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरी एंजिन घातले आणि ‘कोब्रा’ जन्मास आली. ती जगप्रसिद्ध झाली हे सर्वजण सांगतात. एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. पुढे १९६५ साली तिच्यात सात लिटरचे एंजिन बसवायचे ठरले, तेव्हा जुना सांगाडा त्यांनी पुरेसा मानला नाही. तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची नळ्यांचा नवा सांगाडा केला आणि स्प्रिंगांची रचनाही बदलली. धाडसी म्हणून गाजलेल्या माणसानेही आधी आख पाहिला.

मित्रहो, येथपर्यंत मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची सांगतो. ती सांगायला मला आजही संकोच वाटतो.

१९८३ सालची हिवाळ्याची गोष्ट. नोकरी सांभाळून मी सुटीच्या दिवशी एका मित्राच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचे काम करीत असे. तेथे एका हौशी गृहस्थांनी आपली एम. जी. ‘टी. डी.’ आणली. १९५० च्या दशकाच्या आरंभीची दोन आसनांची गाडी, एंजिन १,२५० घन सेंटिमीटरचे. त्याचा ठोकळा तडकला होता. सुटे भाग मिळण्याची आशा नव्हती. मी तरुण होतो आणि पदविकेची मस्ती उतरलेली नव्हती. मी म्हणालो, हिच्यात असे एंजिन बसवतो की कलकत्ता बघत राहील. मल्लिकबाजारात भंगारातून आम्ही एका जुन्या अमेरिकन गाडीचे सहा सिलिंडरांचे बिडाचे धूड विकत घेतले. गॅरेजमध्ये एक वयस्क बंगाली मिस्त्री होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी एंजिन पाहिले, गाडी पाहिली आणि मला म्हणाले, “इंजिनियरबाबू, आधी ब्रेक करून घेऊ या का?” मी म्हणालो, “दादा, आधी चालू तर होऊ द्या. ब्रेक काय, नंतर बघता येतील.” त्यांनी एक शब्द अधिक काढला नाही. माझ्याजवळ पदविका होती आणि त्यांच्याजवळ चाळीस वर्षे होती. पण गॅरेजमध्ये पगारी माणूस ते होते.

पौष महिन्यातल्या एका पहाटे आम्ही दोघे ती गाडी घेऊन ग्रँड ट्रंक रोडने चंदननगरच्या दिशेने निघालो. धुके होते. रस्ता मोकळा दिसला तसा मी वेग वाढवला. एंजिन असे गरजत होते की, मला आनंदाने हसू येत होते. तेवढ्यात धुक्यातून भाजीने भरलेली सायकलची हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला. जुने ड्रम ब्रेक ते, त्यांनी धरल्यासारखे केले आणि सोडून दिले. नाक खाली दबले, सुकाणू फिरवले तरी गाडी सरळच जात राहिली. कसाबसा भाजीवाला वाचला. आम्ही रस्ता सोडून उतारावरून जलपर्णीने भरलेल्या पुकुरात गेलो. मला खरचटलेसुद्धा नाही. दादांच्या गळ्याचे हाड मोडले.

अडीच महिने त्यांचा उजवा हात गळ्यात होता. फाल्गुनात त्यांच्या मुलीचे लग्न ठरलेले होते. त्या काळात मी त्यांच्या घरी जाई, तेव्हा त्यांची पत्नी चहा देई आणि काही बोलत नसे. ते न बोलणे मला सहन होत नसे. लग्नाच्या खर्चाचा वाटा मी उचलला, हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. ते माझे देणे होते, आणि ते पुरते फिटले असे मला आजही वाटत नाही. एकदा धीर करून मी म्हणालो, “दादा, ते एंजिनच वाईट होते.” तेव्हा ते प्रथमच थोडे रागावले. म्हणाले, “एंजिनाला नावे ठेवू नका. त्याने त्याचे काम केले. आपण आपले केले नाही.” मला ओढ्याच्या उतारावर मोडलेला आख आठवला. वडिलांचे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. त्याचा अर्थ मला समजायला एका निरपराध माणसाचे हाड मोडावे लागले.

बरे झाल्यावर दादा पुन्हा कामावर आले आणि त्यांनीच ती गाडी पुन्हा हाती घेतली. या वेळी मी त्यांच्या हाताखाली काम केले. सहा सिलिंडरांचे धूड बाहेर काढले. सांगाडा सरळ केला, त्याचे सांधे तपासले. मग ब्रेक. ड्रम कातून घेतले, नवी अस्तरे बसवली, नळ्या आणि सिलिंडर बदलले. मग रेडिएटरची जाळी नवी केली. मग सुकाणूचा खुळखुळा काढला. या सगळ्यांत तीन महिने गेले, आणि तोवर गाडीत एंजिनच नव्हते! शेवटी बसवले ते आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन. मूळच्यापेक्षा मोठे, पण तिला पेलेल इतकेच मोठे. गिअरबॉक्सशी त्याची भोके जुळत नव्हती, म्हणून जोडपट्टी आम्ही लेथवर तयार केली. टी. डी.चे जुने दोन कार्बुरेटर त्यावर चढवले. पहिल्या दिवशी गाडी रस्त्यावर आणली तेव्हा दादांनी ती आधी चालवली नाही. आधी थांबवून दाखवली. दहादा थांबवली. मगच मला म्हणाले, “आता चालवा.”

या अनुभवातून जो क्रम मी शिकलो, तो जिज्ञासूंसाठी सांगून ठेवतो.

सर्वांत आधी ब्रेक. गाडीच्या अंगी असलेली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७० किलोमीटरऐवजी १०० ने धावलात, तर वेग दीडपटही होत नाही, पण थांबवायची ऊर्जा दुप्पट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकनाच उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. दुसरे वजन. नवे एंजिन तराजूवर घाला, जुने घाला, आणि फरक पुढच्या चाकांवर किती पडतो ते पाहा, एम. जी. सी. विसरू नका. तिसरी उष्णता. पेट्रोलमधील उष्णतेचा जेमतेम चतुर्थांश भाग चाकांच्या उपयोगी पडतो; बाकीची धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. इंग्लंडच्या हवेत पुरणारा रेडिएटर आपल्या वैशाखात पुरणार नाही. चौथे क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा आस. साखळीची सर्वांत कच्ची कडी तुटते, आणि ती कोठे आहे हे नवे एंजिन तुम्हांला पहिल्याच चढावर दाखवते. पाचवा कायदा. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरफारांवर बंधने घातली आहेत. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत जाऊन विचारावे. नकार मिळाला तर तो मानावा. आणि शेवटचे : काढलेले मूळ एंजिन भंगारात विकू नका. तेल लावून, गुंडाळून, कोपऱ्यात ठेवा. सांगाड्याला असे भोक पाडू नका की उद्या कोणाला गाडी पूर्ववत करायची झाली तर करता येणार नाही. आपण या वस्तूंचे मालक थोडे दिवस असतो.

काही शुद्धतावादी मंडळी म्हणतात, जुन्या गाडीला हातच लावू नये. मला ते पूर्णपणे पटत नाही. आपल्या अ‍ॅम्बॅसडरचेच पाहा. १९९० च्या दशकात तिच्या जुन्या देहात जपानच्या इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे एंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स आला. तिचे रूप तेच राहिले आणि आणखी कित्येक वर्षे ती प्रवाशांच्या उपयोगी पडली. जी गाडी चालत नाही, ती जपली असे कसे म्हणावे? पण जी थांबू शकत नाही, ती चालवली असेही म्हणता येत नाही.

आता दोन शब्द आपल्या मंडळाविषयी, आणि मी खाली बसतो. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा कुटुंबे एका भाड्याच्या खोलीत जमत होतो. सतरंजी एकाची, पेटी दुसऱ्याची, चहाची किटली तिसऱ्याची. आज आमच्या मुलांची मुले कार्यकारिणीत आली आहेत. त्यांच्या योजना मोठ्या आहेत, उत्साह मोठा आहे. आमच्यातले काही वृद्ध त्यामुळे धास्तावले आहेत आणि मागच्या सभेत थोडे कटू बोलणेही झाले. मी दोन्ही पक्षांना जुन्या मिस्त्रीच्या नात्याने सांगतो. वृद्धांनो, मोठ्या एंजिनाला भिऊ नका. त्याच्यावाचून ही गाडी अंगणात उभी राहून गंजेल. तरुणांनो, हिशेबाच्या वह्या, ग्रंथालयाची कपाटे, वर्गणी गोळा करीत दारोदार फिरणारे आमचे दोनतीन निवृत्त सभासद, यांना जुनाट म्हणू नका. तो या गाडीचा आख आहे, तेच तिचे ब्रेक आहेत. त्यांना आधी बळकट करा आणि मग वाटेल तेवढा वेग घ्या.

दादा आज हयात नाहीत. ती टी. डी. मात्र आहे, दुसऱ्या मालकाकडे, आणि हिवाळ्यात कधीमधी रस्त्यावर दिसते. दिसली की मी तिचा आवाज ऐकत नाही; पुढच्या सिग्नलला ती कशी थांबते, एवढेच पाहतो.